आईसाठी दोन दांडे आणि भिंतीतली सळई

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमची आई न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडले नाही, परंतु उजवे मनगट सुजून तीन आठवडे गळ्यात अडकवून ठेवावे लागले आणि त्याहून वाईट म्हणजे न्हाणीत एकटीने जाण्याचा तिचा धीर गेला. डॉक्टरांनी सांगितले की कमोडशेजारी आणि दाराजवळ धरायला पक्का दांडा बसवा. लातूरला गंजगोलाईच्या परिसरातून स्टेनलेस स्टीलचे दोन दांडे मी आणले. ते बसवण्याचे काम मात्र आठवडाभर लांबवले, कारण याच न्हाणीत दोन वर्षांपूर्वी मी स्वतः बसवलेली टॉवेलची दांडी प्लगासकट, म्हणजे स्क्रू धरून ठेवण्यासाठी भोकात ठोकलेल्या नळीसकट, भिंतीतून बाहेर आली होती. टॉवेल पडला तर उचलता येतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने विश्वासाने धरलेला दांडा हातात आला, तर तो नसलेला बरा असे म्हणण्याची वेळ येते.

म्हणून या वेळी प्रथम जुनी चूक समजून घेतली. माझ्याकडे बॅटरीवर चालणारे १८ व्होल्टचे हॅमर ड्रिल मशीन आहे. टॉवेलची दांडी बसवताना त्याचे दिशा बदलण्याचे बटण उलट्या बाजूला राहिले होते. मशीन फिरत होते, आवाज होत होता, मी अंगचा सगळा भार टाकत होतो आणि बिट, म्हणजे भोक पाडणारी पुढची सळी, भिंत कापण्याऐवजी नुसते घासत होते. टोक निळे पडेपर्यंत ते माझ्या ध्यानात आले नाही. त्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची जी छोटी पाचर बसवलेली असते तिची धार एकाच बाजूला असते, उलट फिरवल्यास ती उष्णतेशिवाय काही देत नाही. पुढे दिशा सुधारली, परंतु तोवर माझे हात थकले होते, मशीन डगमगत होते आणि मऊ विटेत पडलेले भोक गोल न राहता लांबट झाले होते. अशा भोकात प्लग फुगून घट्ट बसू शकत नाही. दांडी पडली ती त्या दिवशी नव्हे, बसवली त्याच दिवशी पडली होती, असे म्हटले तरी चालेल.

मशीन आतून कसे चालते हे मी त्यानंतरच नीट वाचले आणि माझ्या बऱ्याच सवयी त्यामुळे बदलल्या. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. एक बिटाबरोबर फिरते आणि दुसरी जागेवर स्थिर राहते. हॅमर चालू करून बिट भिंतीवर टेकवले आणि दाबले, की त्या एकमेकींना भिडतात, एकीचे दाते दुसरीच्या दातांवर चढून घसरतात आणि त्या चढउतारातून बिटाला ठोके मिळतात. माझ्या मशीनच्या पट्टीवर दुसऱ्या गिअरचा वेग मिनिटाला १,५०० फेरे आणि ठोके २५,५०० असे छापलेले आहे, म्हणजे एका फेऱ्यात १७ ठोके पडतात. हे ठोके वेगवान असतात, पण प्रत्येक ठोका फार लहान असतो. त्यामुळे वीट, गिलावा, सिमेंटचा ठोकळा यांत हे मशीन उत्तम चालते, मात्र आमच्या भागातल्या काळ्या दगडात किंवा जाड स्लॅबमध्ये ते दमते. तेथे हवेच्या दाबाने दट्ट्या आपटणारे रोटरी हॅमर लागते, त्याचे बिट आणि ते पकडणारा जबडा, म्हणजे चकही, वेगळे असतात. हॅमर ड्रिलला थोडा दाब द्यावाच लागतो, नाहीतर चकत्या भिडत नाहीत. परंतु दाब वाढवत नेला, तर बिटाला भुकटी बाहेर टाकायला जागा राहत नाही, ते अडकते आणि मशीन मनगटाला पीळ देते. नेमका किती दाब द्यायचा ते मला पुस्तकातून कळले नाही, ते एका मिस्त्रींनी दाखवले. ते पुढे येईलच.

काम सुरू करण्यापूर्वी भिंती ओळखणे हा अर्धा भाग होता. आमचे गाव औसा तालुक्यातले, पुनर्वसित आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना झालेल्या किल्लारीच्या भूकंपात आमचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर दगडामातीच्या रुंद भिंतींसह बसले आणि नंतर या नव्या जागी सिमेंटच्या ठोकळ्यांचे घर मिळाले. त्याच्या चौकटींच्या वरून काँक्रीटची सलग पट्टी घरभर फिरलेली आहे. न्हाणीची एक भिंत या मूळ घराची आहे. बाकीच्या तीन २०१९ साली आम्ही जोडून घेतल्या, त्या चार इंची विटेच्या आहेत आणि त्यांवर फरश्या बसवलेल्या आहेत. कमोडशेजारचा आडवा दांडा विटेच्या भिंतीवर येणार होता, तर दाराजवळचा उभा दांडा जुन्या ठोकळ्यांच्या भिंतीवर. दोन्ही भिंती एकाच दिवशी, एकाच पद्धतीने हाताळता येणार नाहीत हे तेव्हाच स्पष्ट झाले.

सुदैवाने २०१९ मध्ये गिलावा होण्यापूर्वी पत्नीने नळाच्या पाइपांचे फोटो काढून ठेवले होते आणि त्यातल्या दोन फोटोंत मोजपट्टीही भिंतीला लावलेली दिसते. गिझरची वायर कोठून खाली येते, पाण्याचा पाइप जमिनीपासून किती उंचीवर आडवा गेला आहे, हे सारे त्यावरून भिंतीवर पेन्सिलीने आखता आले. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने असे फोटो काढावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. जेथे फोटो नाहीत तेथे निदान एवढे पाळावे की स्विच, सॉकेट आणि नळ यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि एका रेषेत आडवे भोक पाडू नये, कारण वायर व पाइप बहुधा त्याच वाटेने जातात. वायर तपासण्याचा टेस्टर पेन मी आधी वीज चालू ठेवून भिंतीवरून फिरवला, कारण बंद वायर तो ओळखत नाही. त्यानंतर न्हाणीचा आणि गिझरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा बोर्डातला स्विच, खाली पाडला. मशीन बॅटरीवर चालते म्हणून विजेचा धक्का बसणार नाही, हा गैरसमज आमच्या शाळेतल्या दोन सहकाऱ्यांकडूनही मी ऐकला आहे. भिंतीतल्या जिवंत वायरीत बिट घुसले, तर चकाच्या धातूतून प्रवाह हातापर्यंत येऊ शकतो. बॅटरीच्या मशीनचा खरा फायदा उलटा आहे. घरातली वीज पूर्ण बंद ठेवूनही काम करता येते, आणि ज्या दिवशी भारनियमन असते त्या दिवशीही ते अडत नाही.

कामासाठी अर्ध्या बाह्यांचा अंगासरशी शर्ट घातला, खांद्यावरचा पंचा बाजूला ठेवला आणि पत्नीने पदर खोचून घेतला. फिरत्या चकात कापड गुंतले तर ते सोडवायला वेळ मिळत नाही. त्याच कारणाने हातमोजेही घातले नाहीत. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा, कानांत बोळे आणि तोंडावर एन-९५ मास्क लावला. मास्कबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आमच्याकडे त्याऐवजी रुमाल बांधण्याची पद्धत आहे. वीट, सिमेंट आणि फरशी यांच्या धुळीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोलवर जाऊन तेथेच राहतात आणि वर्षानुवर्षे अशी धूळ घेणाऱ्याला सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. रुमाल मोठे कण अडवतो, हे कण अडवत नाही. मी वर्षाला वीस भोके पाडत असेन, तरीही मास्क लावतो, आणि रोज दोनशे पाडणारा मुलगा रुमाल बांधून काम करताना दिसला की माझ्या खोक्यातला एक मास्क त्याला देतो.

बिट बदलताना प्रत्येक वेळी बॅटरी काढून ठेवायची, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. दिशेचे बटण मधोमध ठेवले की ट्रिगर अडतो हे खरे आहे, परंतु बॅटरी बाहेर असली की शंकाच उरत नाही. चक हाताने आवळल्यावर बिट ओढून पाहायचे आणि ट्रिगर हलकेच दाबून हवेत फिरवायचे. टोक एका जागी फिरताना दिसले पाहिजे. ते गोल गोल डुलत असेल, तर बिट तिरपे बसले आहे आणि भोकही तसेच पडणार.

कमोडशेजारचा दांडा आईच्या हाताच्या उंचीवर ठरवला. तिला खुर्चीवर बसवून, उठताना हात आपसूक जेथे जातो तेथे खूण केली. दांड्याच्या प्रत्येक टोकाच्या चकतीला तीन भोके असल्याने फरशीवर सहा खुणा आल्या. खुणांवर कागदी चिकटपट्टी फुलीसारखी लावली, म्हणजे बिट गुळगुळीत फरशीवरून घसरत नाही. फरशीसाठी भाल्याच्या टोकासारखे वेगळे बिट येते. पहिला गिअर घेतला आणि हॅमर पूर्ण बंद ठेवला. फरशीवर हॅमर चालवला तर ती तडकते, आणि एका फरशीसाठी आख्खी रांग उखडण्याची पाळी येते. ट्रिगर बोटाच्या टोकाने थोडासाच दाबून टोक बसू दिले आणि खाच पडल्यावर वेग किंचित वाढवला. पत्नी अधूनमधून ओला स्पंज टोकाला लावत होती, कारण तापलेल्या टोकाची धार लवकर जाते. मशीनला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नव्हता.

भोकाखाली मी कागदाचे पाकीट दुमडून चिकटवले होते. त्यात पडणारी भुकटी पाहणे हा या कामातला सर्वांत उपयोगी धडा ठरला. आधी पांढरी, पिठासारखी भुकटी आली. ती फरशीची होती. मग राखाडी झाली आणि आवाज किंचित जड झाला, तेव्हा फरशी संपून सिमेंट लागल्याचे कळले. तेथे थांबून बॅटरी काढली आणि विटेसाठीचे ६ मि.मी.चे बिट लावले. त्यानंतर एक बोटभर आत गेल्यावर तांबडी भुकटी सुरू झाली. ही वीट इतकी मऊ होती की हॅमर लावण्याची गरजच पडली नाही. मऊ विटेत ठोके दिले तर भोकाच्या कडा ढासळतात, आणि माझ्या टॉवेलच्या दांडीचे तेच झाले होते.

अशा विटेत प्लग आणि स्क्रू यांच्या भरवशावर माणसाचा भार टाकायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते. भिंत चार इंची असल्याने सहाही भोके आरपार नेली, ६ मि.मी. जाडीचे आटे पाडलेले रॉड त्यांतून ओवायचे ठरवले आणि बाहेरच्या बाजूला बसवण्यासाठी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याच्या दोन चौकोनी प्लेटा कापून आणल्या. आरपार भोक पाडताना बिट पलीकडे निघते तेव्हा बाहेरच्या गिलाव्याचा मोठा खपला उडतो. तो टाळण्यासाठी ६ मि.मी.चे लांब बिट शेवटच्या अर्ध्या इंचात अगदी हलक्या हाताने चालवले, बाहेर नुसते टोक दिसेपर्यंत. मग बाहेरून त्याच छिद्रावर ८ मि.मी.चे बिट लावून उरलेले भोक समोरून मोठे केले. भोक सरळ राहावे म्हणून भिंतीला मिस्त्रीचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याची पट्टी, टेकवून ठेवला होता आणि पत्नी बाजूने पाहून मशीनचे मागचे टोक वर किंवा खाली झाले की सांगत होती. सहापैकी पाच भोके प्लेटेच्या भोकांशी तंतोतंत जुळली. सहावे थोडे तिरके गेले, म्हणून प्लेटेचे भोक कानशीने वाढवावे लागले.

दुपार होईपर्यंत बॅटरी हाताला चांगलीच गरम लागत होती. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि माझ्या मशीनच्या पुस्तिकेत ४० अंशांवरच्या तापमानात चार्जिंग करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे बॅटरी तासभर माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवली आणि चार्जिंगला दुसऱ्या दिवशी पहाटे लावली. उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ही बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे आहे.

दुसऱ्या दिवशी जुन्या घराच्या भिंतीवरचे काम होते. त्या दिवशी आमच्या गल्लीतले वयस्क मिस्त्रीमामा चहाला आले होते आणि ते न्हाणीच्या दारात उभे राहून पाहू लागले. या बाजूला फरशी नाही, सिमेंटचा ठोकळा आहे. म्हणून दुसरा गिअर, हॅमर चालू आणि ८ मि.मी.चे बिट. बाजूची मूठ घट्ट लावली होती आणि खोली मोजणारी सळी प्लगच्या लांबीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त ठेवली होती, कारण भोकाच्या तळाशी थोडी भुकटी उरतेच. पहिल्या भोकात अर्ध्यावर वेग मंदावला. जुन्या सवयीने मी खांदा पुढे घातला. मामांनी माझ्या कोपराला हात लावला. "गुरुजी, जोर लावू नका. त्याचं त्याला खाऊ द्या, तुम्ही निस्तं सरळ धरून उभं राहा," असे म्हणून त्यांनी माझा कोपर बरगडीशी आणला आणि दोन्ही पाय थोडे अंतर ठेवून टेकवायला लावले. दाब इतकाच, की मशीनचा आवाज एकसारखा घुमत राहावा. आवाज बसू लागला तर दाब जास्त, खडखडला तर कमी. दर काही सेकंदांनी बिट फिरते ठेवूनच मागे ओढायचे, म्हणजे भुकटी बाहेर येते आणि टोक थंड होते. तरीही पुढे जाईना, तेव्हा त्यांनी सांगितले की ठोकळ्यातल्या खडीचा दगड आडवा आला आहे. मशीन बाजूला ठेवून त्यांनी भोकात काँक्रीटचा खिळा घातला, हातोडीचे चार घाव घातले, दगड फुटला, आणि त्यानंतर बिट सहज आत गेले.

दुसरे भोक दाराच्या चौकटीच्या अधिक जवळ होते. तेथे दीड इंच आत गेल्यावर आवाज एकदम पालटला. घुमण्याऐवजी किंचाळल्यासारखा बारीक, टोकदार आवाज आला, मशीनने हाताला झटका दिला आणि बिट तसूभर पुढे जाईना. मी ट्रिगर सोडला. पाकिटातल्या राखाडी भुकटीवर चमकणारे दोन-तीन बारीक कण दिसत होते. मामांनी ते बोटावर घेऊन उन्हात धरले. "ही सळई हाय. इथून बाजूला सरका. हिला हात लावायचा नसतो," एवढेच ते बोलले.

दगडावर आणि विटेवर चालणारे कार्बाइडचे टोक लोखंड कापण्यासाठी नसते. आणखी जोर लावला असता तर टोक तुटले असते, किंवा अडकलेल्या बिटाने मनगट मुरगळले असते. परंतु त्या सळईला सोडण्याचे कारण माझ्या दृष्टीने त्याहून मोठे होते. भूकंपात उभ्या राहाव्या लागणाऱ्या घरांत आडव्या पट्टीबरोबरच कोपऱ्यांत आणि चौकटींच्या बाजूंना उभ्या सळया घालतात. पायापासून वरपर्यंत त्या भिंतीला एकत्र बांधून ठेवतात आणि हादरा बसला की भिंत सुटी होऊन कोसळू देत नाहीत. आमच्या माळवदाच्या भिंती अडीच-तीन फूट रुंद होत्या, पण त्यांना एकमेकींशी बांधणारे काहीच नव्हते. आईने त्या रात्री जे पाहिले ते ती आजही पूर्ण सांगत नाही. तिच्यासाठी दांडा बसवताना मी त्याच घराची सळई कापणार नव्हतो.

उभा दांडा चौकटीपासून आणखी चार इंच दूर सरकवला. आईला पुन्हा उभे करून हात पोहोचतो का ते पाहिले, पोहोचत होता. नव्या जागी सहाही भोके एकसारखी पडली. ती ब्रशने आणि हातपंपाने तीन-तीन वेळा साफ केली. तोंडाने फुंकले तर भुकटी सरळ डोळ्यांत येते. नायलॉनचे रॉल प्लग, ज्यांना आमच्याकडचे वायरमन गिट्टी म्हणतात, ते हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत गेले आणि बोटाने फिरवून पाहिले तर फिरले नाहीत. स्क्रू आवळण्यासाठी मशीन स्क्रूच्या खुणेवर आणून किती जोराने आवळायचे ते ठरवणारे क्लचचे कडे कमी आकड्यापासून वाढवत नेले, आणि शेवटचे दोन वेढे साध्या पेचकसाने हातानेच दिले. मशीनने अखेरपर्यंत आवळले की प्लगातले आटे मोडतात आणि स्क्रू घट्ट वाटूनही नुसता फिरत राहतो.

दोन्ही दांड्यांवर मी आधी एका हाताने ओढ दिली, मग दोन्ही हातांनी, मग पाय उचलून माझा पूर्ण ७२ किलो भार टाकला. बाहेरच्या प्लेटा आणि नटा पुन्हा तपासल्या. आठ दिवसांनी परत तपासल्या आणि एक नट पाव वेढा आवळला. आई पहिले दोन दिवस दांडा धरताना आम्हाला हाक मारत असे. तिसऱ्या दिवसापासून हाक येणे थांबले.

चौकटीशेजारचे ते अर्धे भोक, आतल्या लोखंडाला ओल लागू नये म्हणून, सिमेंटच्या घट्ट गाऱ्याने दाबून भरले. भरण्याआधी शेजारी मोजपट्टी लावून त्याचा फोटो काढला. ड्रिलच्या खोक्यात झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिले आहे: न्हाणीचे दार, आतून उजवी बाजू, चौकटीपासून तीन इंच, उभी सळई.